बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांसोबत सीबीटी कशी वापरायची: समाजकार्यकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातल्या मुलाला तिथून निघावं लागतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली त्यानंतर राहण्यासाठी अनुरक्षण गृहाची (आफ्टरकेअर होमची) सोय आहे. ती २१ व्या वर्षापर्यंत मिळते, आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत वाढवता येते. पण प्रत्येकाला तिथे जागा मिळतेच असं नाही, आणि मिळाली तरी तो मधला मुक्काम असतो. बाकीचे कुठे जातात? आधी बाहेर पडलेल्या मित्राच्या खोलीवर, कधीतरी भेटलेल्या मामाकडे, किंवा काम आणि झोपायला फळी दोन्ही देणाऱ्या हॉटेलमालकाकडे. मुलींसमोर तर अनेकदा लग्न हा एकच रस्ता ठेवला जातो.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याला ठरावीक गोष्टी दिसतात. चौथी नोकरी सोडली, फोन बंद, गुटख्यावरून दारूवर, एखादी मारामारी, एखादी पोलीस केस, हाताच्या मनगटावर ओरखडे. ‘समजावून सांगितलं पण ऐकत नाही’ असा शेरा फाइलमध्ये पडतो. समजावण्यापलीकडे काय करता येतं, ते या लेखात पायरीपायरीने मांडते आहे. पद्धत सीबीटीची, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची आहे. घटना, मनात येणारा विचार, भावना आणि कृती यांची साखळी त्या तरुणासोबत बसून उलगडायची आणि जिथे हात घालता येईल तिथे बदल करून बघायचा.

ही कल्पना मराठी माणसाला नवखी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत नेली. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना जी मांडणी केली, ती आजच्या सीबीटीचा दुसरा मोठा आधार. पण ही पद्धत मुख्यतः दवाखान्यात, पन्नास मिनिटांच्या ठरलेल्या भेटीत वाढली. आपलं काम चहाच्या टपरीवर, बसस्टॉपवर आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर चालतं. म्हणून तिच्यात काही बदल करावे लागतात, आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी पक्की करावी लागते: या तरुणाच्या डोक्यात येणारे बरेच वाईट विचार खरे असतात.

‘मला कोणी खोली देत नाही’ हा विचार चुकीचा नाही. आडनाव विचारून, आई-वडील विचारून घरमालक नकार देतात, हे आपणही पाहतो. त्याला ‘तू नकारात्मक विचार करतोयस’ म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो लगेच ओळखतो. पुन्हा भेटायला येत नाही. खऱ्या अडचणीवर उपाय कागदपत्रांचा, पैशांचा आणि ओळखीचा असतो. त्या अडचणीच्या अंगाने वाढलेल्या निष्कर्षांवर सीबीटी चालते: ‘मला कोणी कधीच ठेवणार नाही’, ‘मी आहेच असा’. दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात.

याला पुरावा आहे. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया इथे यादवी युद्धानंतर चोरी, अमली पदार्थ आणि मारामाऱ्यांत अडकलेल्या ९९९ तरुणांवर एक अभ्यास झाला; तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आठ आठवड्यांची सीबीटी मिळाली, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. गटाचे मार्गदर्शक त्याच वाटेवरून आलेले, त्यांतले काही माजी लढवय्ये होते. नुसत्या सीबीटीचा फायदा सुरुवातीला दिसला, पण वर्षभरात बराचसा ओसरला. सीबीटी आणि रोख रक्कम दोन्ही मिळालेल्यांत तो टिकला, आणि दहा वर्षांनी पुन्हा शोधून काढलं तेव्हाही त्यांचं गुन्हेगारी वर्तन न मिळालेल्यांच्या तुलनेत साधारण निम्म्यावर होतं. थोडासा आर्थिक आधार मिळाल्यामुळे नवं वागणं सरावाचं व्हायला वेळ मिळाला, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. मला तो पटतो.

पायरी १: आपली हद्द ठरवा

समाजकार्याची पदवी आणि थोडं प्रशिक्षण असेल तर आपण सीबीटीची कौशल्यं वापरू शकतो. स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेऊ नये. सुरुवातीलाच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्यासमोर केस मांडा. कानात आवाज येणं, कोणीतरी पाळत ठेवतंय असा पक्का समज, दिवसचे दिवस झोप न येता अंगात विलक्षण जोर असणं, हे दिसलं तर सरळ दवाखाना. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम दारू सोडायला सांगू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पायरी २: पहिल्या दोन-तीन भेटी कागदांच्या

आधार, बँक खातं, दहावीची गुणपत्रिका, बालगृह सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड. एकेक विचारा आणि जे नाही त्यासाठी सोबत जा. जो अनाथ आहे त्याच्याकडे अनाथ प्रमाणपत्र आहे का, हे खास बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षण आहे, आणि या प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग नाही. ते महिला व बालविकास विभागाकडून मिळतं.

या भेटींत ‘थेरपी’ हा शब्दसुद्धा काढू नये, असं माझं मत आहे. लहानपणापासून या मुलांची चौकशी झालेली आहे: बालकल्याण समितीसमोर, अधीक्षकांसमोर, देणगीदारांसमोर. स्वतःची गोष्ट सांगून त्यांना कंटाळा आलेला असतो. रांगेत उभं राहून जे बोलणं होतं, त्यातून पुढच्या कामाचा पाया घातला जातो. तो ‘मॅडम’वरून ‘ताई’वर, ‘सर’वरून ‘दादा’वर आला की वही काढायला हरकत नाही.

पायरी ३: जिवाचा प्रश्न सरळ विचारा

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. एकूण गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर पुढचं सगळं थांबवा आणि स्पष्ट बोला: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, हे ठरवलंय का? ती वस्तू जवळ आहे का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना हायसं वाटतं.

बेत आणि साधन दोन्ही असेल तर त्याला एकटं सोडू नका. औषधं, कीटकनाशक, जे काही असेल ते खोलीतून हलवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो त्याच्या फोनमध्ये आपल्यासमोर सेव्ह करून घ्या. पोलिसांच्या भीतीने लपवणारे बरेच असतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला त्यासाठी शिक्षा करता येत नाही.

गुप्ततेची मर्यादाही इथेच सांगून टाका. ‘तू सांगितलेलं माझ्यापाशी राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर मात्र मला पुढे सांगावं लागेल.’ अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे नंतर सांगितलं तर त्याला विश्वासघात वाटतो.

पायरी ४: एकच घटना, सावकाश

इथून मुख्य काम सुरू होतं. सगळं आयुष्य उलगडत बसू नका. गेल्या आठवड्यातली एक घटना घ्या.

अनेक तरुणांच्या अनुभवांवरून रचलेलं एक उदाहरण घेऊ. मुलाला सागर म्हणू. वय १९, भिवंडीच्या गोदामात पॅकिंगचं काम. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, हा तिथून निघाला तो परत गेलाच नाही. पगार अडकला.

‘सुपरवायझर नेमकं काय बोलला?’

‘इज्जत काढली, ताई.’

‘त्याचे शब्द काय होते?’

‘तुला घरी कोणी काही शिकवलं की नाही, असं बोलला.’

‘तेव्हा मनात काय आलं?’

‘काही नाही. डोकं सटकलं.’

‘सटकायच्या आधी अंगात कुठे जाणवलं?’

‘कान गरम झाले. हात थरथरायला लागले.’

‘बाकीचे बघत होते ना. तेव्हा त्यांच्याबद्दल काय वाटलं?’

जरा वेळ गप्प. मग, ‘सगळ्यांना कळलं. याला घरच नाही म्हणून.’

या एका वाक्यासाठी सगळी धडपड असते. ‘मनात काय आलं’ याचं पहिलं उत्तर जवळपास नेहमी ‘काही नाही’ असतं. तिथे घाई करायची नाही, आपणही सुचवायचं नाही. शरीरापासून सुरुवात केली की विचारापर्यंत पोचता येतं, कारण शरीराबद्दल बोलताना लाज वाटत नाही.

मग वहीचं पान आडवं धरून पाच रकाने पाडा: काय घडलं, मनात काय आलं, अंगात आणि मनाला काय झालं, मी काय केलं, नंतर काय झालं. पान त्यालाच लिहू द्या. लिहायला अवघड जात असेल तर चित्रं, किंवा तो बोलेल आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहा. ‘डोकं सटकलं’चं ‘राग अनावर झाला’ करू नका.

पायरी ५: चाळणी

आता दुसऱ्या रकान्यातली वाक्यं वेगळी करायची. सागरची अशी निघाली: सुपरवायझर अपमान करून बोलला. सगळ्यांना कळलं. आता तिथे माझी इज्जत नाही. आपल्याला कोणी ठेवतच नाही.

पहिलं वाक्य खरं आहे. ते मोठ्याने मान्य करा: ‘तो चुकीचंच बोलला.’ अडकलेला पगारही खरा. त्यासाठी सोबत गोदामात जाणं, मुकादमाशी बोलणं, नाहीच दिला तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करणं, हे आपलं काम. दुसरं वाक्य अंदाज आहे. चौथं म्हणजे आयुष्यभराचा निष्कर्ष, आणि तो हवेतून आलेला नाही. तीन बालगृहं बदललेल्या मुलाच्या मनात तो बसणारच. त्याला सांगायला हवं की लहानपणी या विचाराने त्याला सांभाळलं, पुन्हा धक्का बसू नये म्हणून आधीच उठून जायला शिकवलं. आज तोच विचार त्याचा पगार घालवतो आहे.

मग प्रश्न विचारायचे, वाद घालायचा नाही. ‘सुपरवायझर तुझ्यावरच ओरडतो की बाकीच्यांवरही?’ ‘सगळ्यांना कळलं, हे तुला कशावरून समजलं?’ ‘तुझ्या खोलीवरच्या मित्राला तो असं बोलला असता तर तू मित्राला काय सांगितलं असतंस?’ हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटतो, कारण स्वतःशी कठोर असणारी ही मुलं मित्राशी फार मायेने बोलतात.

शेवटी तयार होणारं नवं वाक्य गोड असू नये. ‘मी खूप चांगला आहे’ यावर सागर विश्वास ठेवणार नाही. ‘तो सगळ्यांवरच ओरडतो. मला जास्त लागलं कारण घराचं नाव काढलं. काम सोडायचं की नाही ते मी रात्री ठरवीन.’ यावर त्याला किती विश्वास वाटतो ते शंभरपैकी विचारा. चाळीस आलं तरी पुरे आहे. जुन्या वाक्यावरचा विश्वास शंभरावरून सत्तरवर आला तरी काम झालं.

पायरी ६: करून बघणं

या वयात नुसत्या बोलण्याने फारसं बदलत नाही. प्रत्येक भेटीतून एक छोटं काम निघालं पाहिजे.

पहिला प्रकार प्रयोगाचा. सागरचं भाकीत आधी लिहून घ्या: ‘परत गेलो तर हाकलतील आणि पोरं हसतील.’ मग जाऊन काय झालं ते शेजारी लिहायचं. भाकीत खरं ठरू शकतं, म्हणून ‘हाकललंच तर काय करायचं’ हे जाण्याआधी ठरलेलं असावं: त्या दिवशी कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, दुसरं काम कुठे बघायचं. ज्या प्रयोगात वाईट निकाल त्याला झेपणार नाही, तो अजून करायचा नाही. मोनरोव्हियातल्या तरुणांनाही असंच बाहेर पाठवत: केस कापून, स्वच्छ कपडे घालून बँकेत जा, मोठ्या दुकानात जा, लोक कसे वागतात ते बघ.

दुसरा प्रकार, हातपाय गळालेल्या तरुणासाठी. दुपारपर्यंत झोप, मोबाइल, कोणाशी बोलणं नाही, अशा वेळी विचारांची चाळणी काढायला जाऊ नका. आधी दिवसाला हालचाल द्या. गोव्यात ‘संगात’ संस्थेने नेमकं हेच केलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटी घेतल्या; भर होता तो बारीकसारीक कामं पुन्हा सुरू करण्यावर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी त्यांतल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. पदवीशिवाय हे काम जमत नाही म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास नेहमी सांगते.

करायचं कसं? दिवसातली दोन कामं ठरवा: एक आवडीचं, एक गरजेचं. ‘व्यायाम करीन’ असं मोघम नको. ‘सकाळी साडेसातला खाली मैदानावर दोन फेऱ्या’ असं हवं. काम करण्याआधी आणि नंतर मन किती ठीक आहे ते दहापैकी लिहायचं. तिनाचं चार झालं, हे त्याला स्वतःच्या अक्षरात दिसलं पाहिजे. खर्च लागेल असं काम ठरवू नका.

वहीबद्दल एक काळजी. सहा जणांच्या खोलीत खासगी काही राहत नाही. एखाद्या मुलीची वही सासरच्यांच्या हाती लागली तर तिच्यावरच उलटेल. तिच्यासाठी फक्त आकडे लिहिणं, किंवा आपल्याला व्हॉट्सअॅपवर एक व्हॉइस मेसेज पाठवून तो लगेच डिलीट करणं, असं काही ठरवा. फोन दुसरं कोणी बघतं का, हे आधी विचारा.

पायरी ७: रागाच्या क्षणासाठी गटात सराव

मारामारीत अडकणाऱ्यांसाठी सहा ते आठ जणांचा गट चांगला. शिकागोच्या शाळांमध्ये ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमात पहिल्या दिवशी एक खेळ घेतात. दोघांची जोडी. एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तीस सेकंदांत तो मिळवायचा. बहुतेक जण मूठ उघडायला झटापट करतात. मग मार्गदर्शक विचारतात, ‘सरळ मागितला का नाही?’ ‘मागितला असता तर दिला नसता’, असं उत्तर येतं. समोरच्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘मागितला असता तर दिला असता.’ या कार्यक्रमाच्या काळात मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांनी घटलं. हा खेळ आपल्याकडे जसाच्या तसा घेता येतो, सामान एका चेंडूचं. कार्यक्रम संपल्यावर अटकेतली ती घट टिकली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. गट एका शिबिरात उरकण्याची चीज नाही.

खेळानंतर प्रत्येकाने रागाची स्वतःची पहिली खूण शोधायची: कान, मुठी, छाती. ती आली की काय करायचं ते नाटक करून घ्या. एक पाऊल मागे, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, आणि आधी ठरलेलं एक वाक्य: ‘साहेब, पाणी पिऊन येतो.’ दहा-बारा वेळा मोठ्याने म्हटलेलं वाक्यच ऐनवेळी तोंडातून निघतं. वस्तीत मागे हटणं म्हणजे भित्रेपणा मानतात आणि कधी कधी तिथे मागे हटणं धोक्याचंही असतं, हे गटात मोकळेपणाने बोला. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पायरी ८: भेटी न जुळणं

पाचपैकी दोन भेटींना तो येणार नाही, असं धरूनच चला. शिफ्ट बदलते, भाड्याला पैसे नसतात, कधी लाज वाटते. न आल्याबद्दल ओरडू नका. ‘गुरुवारी वाट बघितली. शनिवारी तुझ्या कामाजवळ येऊ का?’ एवढा निरोप पुरतो. आपण रागावू आणि सोडून देऊ, हे त्याचं जुनं भाकीत असतं. तो परत आल्यावर हाच विषय त्याच पाच रकान्यांत मांडता येतो, आणि त्या पानाइतकं जिवंत पान क्वचितच मिळतं.

पायरी ९: भेटी कमी करत नेणं

साधारण आठ-दहा भेटींनंतर अंतर वाढवा: आठवड्याऐवजी पंधरवडा, मग महिना. संपण्याची तारीख निदान तीन भेटी आधी सांगा, कारण आयुष्यात त्याला निरोप नेहमी अचानक मिळालेले आहेत.

शेवटच्या दोन भेटींत एक पान तयार करा. माझी घसरण कशी सुरू होते (सागरच्या बाबतीत फोन बंद करणं, रात्री न जेवणं). तेव्हा मनात कोणतं वाक्य येतं. मला कशाचा उपयोग झाला. दोन माणसांचे नंबर, त्यांतला एक आपला नसावा. त्या पानाचा फोटो त्याच्या फोनमध्ये ठेवा आणि, त्याची हरकत नसेल तर, एक प्रत आपल्या फाइलमध्ये. ही मुलं सिमकार्ड फार बदलतात, म्हणून कोणत्या मित्राकडून त्याचा पत्ता लागेल हेही विचारून ठेवा.

पुढे एक, तीन आणि सहा महिन्यांनी स्वतःहून फोन करा. ‘कसा आहेस’पेक्षा नेमकं विचारा: काम कुठे आहे, राहायला कुठे, जेवण वेळेवर होतं का, ते पान बघावं लागलं का. तो घसरलेला असेल तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची गरज नसते. शेवटची घटना घ्या, वही काढा आणि चौथ्या पायरीवर बसा.